अकरा किलो

वत्सलानं परवा माझी पिशवी
भावाच्या भंगारच्या काट्याला अडकवली.
काटा अकराच्या पुढं थरथरत राहिला.
‘इतलं वझं कसाले?’ ती म्हणाली,
‘रूळ बी पाठवरच लई जा मंग.’

बेटावदपासून पाच किलोमीटर जायचं,
तेवढंच परत यायचं. खडी पायाखाली सरकते.
तिचं खोटं नव्हतं.
ओसरीवर गोधडी अंथरली, बठ्ठं बाहेर काढलं.

हातोडा. त्यावर वाद नाही.
सरकारी दांडा पहिल्याच उन्हाळ्यात तडकला,
हा बाभळीचा, शिंदखेड्याच्या सुतारानं बसवलेला,
माझ्या मुठीपुरता झिजला आहे.
दुसऱ्यानं उचलला तर त्याला बोचतो.

पाना. दीड हात लांब, पोलादी,
भोकं पाडून हलका करावा असं मनात आलं होतं एकदा,
मुकादमाला सांगितलं तर दोन दिवस हसत होता.

क्लिपा सहा नेत होतो.
वर्षभर वहीत मांडून पाहिलं,
एका फेरीला तीनवर कधी लागल्या नाहीत.
चार ठेवल्या. जवळजवळ दोन किलो तिथंच उतरले.

मोठी टॉर्च साहेब येतील त्या दिवशी.
रोज ही छोटी, दोंडाईच्याच्या बाजारातली,
दातात धरली की दोन्ही हात मोकळे.

शिसपेन्सिल, कारण वैशाखात पेन खिशातच ओकतं.
रेडिओ नको.
मागून येणारी गाडी कानांनीच दिसते.

फडकं एक. मानेवर ओलं,
आणि दुपारची तापलेली क्लिप उचलायला कोरडं,
म्हणजे दोन.

कांदा वरच्या खिशात.
‘ऊन लागत नही,’ वत्सला म्हणते.
मी तो बाराला पुलाच्या सावलीत
कळण्याच्या भाकरीबरोबर खातो.
तिला अजून सांगितलेलं नाही.

मग तिनं लाल झेंडीची गुंडाळी उचलली,
फटाक्यांचा डबा कानाशी हलवून बघितला.
‘आन् हाई? हाई कव्हय लागस?’

चौदा वर्षांत एकदा.

सुपडू अप्पांनी निवृत्त होताना
पिशवी माझ्या खांद्यावर टाकली नि म्हणाले,
‘जे रोज लागस ते हातमाच ऱ्हास.
जे कधीच लागाले नको ना भो,
ते पहिले ले.’
मला वाटलं, म्हातारा काहीतरी म्हणतोय.

पौषातली पहाट होती. पांझरेच्या अलीकडं,
जोडाजवळ रुळात फट, बोट जाईल एवढी.
लोखंड थंडीनं आखडलेलं. तिकडून गाडीची वेळ.
पिशवी तिथंच टाकली,
हातोडा, पाना, क्लिपा, डबा, सगळं,
अकरातलं पाव किलो घेऊन पळालो.
रुळावर फटाके बसवले,
आणि झेंडी उलगडेना.
इतकी वर्षं एकाच घडीत,
दवानं चिकटलेली, घडीवर पांढरी पडलेली.
दातांनी ओढली.

गाडी थांबली.
इंजिनातून एकानं वाकून विचारलं, काय रे?
मला बोलता येईना. मागं बोट दाखवलं.
तिसऱ्या डब्याच्या खिडकीतून कुणीतरी
भुईमुगाची टरफलं खाली टाकत होतं,
टाकतच राहिलं.

हे वत्सलाला मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं.
तेव्हापासून पगाराच्या दिवशी
झेंडी अंगणात झटकतो, नवी घडी घालतो,
बकऱ्या दावं ताणतात, शेजारचा फकिरा विचारतो,
काय भो, गाडी इथूनच जाणार का आता?

तिनं ऐकलं, काही बोलली नाही.
झेंडी सर्वांत वर ठेवली,
पट्ट्याच्या आतल्या बाजूला दोन पिना टोचल्या,
सुई ओवून काडेपेटीत घातली.
काटा भावाला परत दिला.

आज पुलाच्या सावलीत बसलो,
भाकरी सोडली, खिशातला कांदा काढला,
तर डब्याखाली हाताला लागला
अजून एक,
सोललेला.